घोट्याएवढ्या पाण्याची सहल

नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांना कुठे न्यावं हा प्रश्न सहसा पडत नाही. आधी मिसळ, मग सोमेश्वर, मग तसंच पुढे गंगापूर धरण. एका जानेवारीत पुण्याची चुलतबहीण मुलाला घेऊन आली तेव्हाही हेच ठरलं. फक्त या वेळी गळ्यात दुर्बीण होती, कारण भाच्याला शाळेसाठी २५ पक्ष्यांची यादी करून न्यायची होती. पाण्याच्या काठावर उभे राहिलो. नजर पोहोचेल तिथवर निळंशार पाणी. तासाभरात यादीत तीन नावं चढली: पाणकावळा, टिबुकली आणि डोक्यावरून गेलेली घार.

"मामा, एवढं पाणी आहे, मग पक्षी कुठे गेले?"

"उठले नसतील अजून," मी म्हणालो. त्यानं मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. साडेअकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच निघालो आणि निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला गेलो. तिथलं पाणी पाहून बहिणीचा चेहरा उतरला. मचाणासमोर एक म्हैस जवळजवळ मधोमध उभी होती आणि तिचं पोटही भिजलेलं नव्हतं. पण त्या म्हशीच्या चारी बाजूंना इतके पक्षी होते, की भाच्यानं अर्ध्या तासात वहीचं पान उलटलं.

नदी तीच, गोदावरी. गंगापूर धरणातून सुटलेलं पाणी सोमेश्वरावरून, आमच्या घरांच्या मागून, रामकुंडावरून वाहत खाली नांदूरलाच जातं. मग वर पाणी जास्त आणि पक्षी कमी, खाली पाणी कमी आणि पक्षी जास्त, हे गौडबंगाल काय? ते उलगडलं की पक्षी पाहायला कुठे आणि कधी जायचं हा प्रश्न निम्मा सुटतो. मग सहल नांदूरची असो की सिंगापूरची.

हंडा आणि ताट

समजा, एका खोल हंड्याच्या तळाशी मूठभर डाळ आहे आणि तेवढीच डाळ एका परातीत पसरलेली आहे. घरातलं रांगतं पोर कुठे जाईल? परातीकडे. हंड्यातली डाळ कमी नाही, पण त्याचा हात तिथे पोहोचत नाही.

पाणपक्ष्यांचं तसंच असतं. बहुतेकांचं अन्न तळाशी किंवा तळाजवळ: शंख-शिंपले, किड्यांच्या अळ्या, पाणवनस्पतींचे कंद आणि बिया. त्यातून खोल पाण्याच्या तळाशी सूर्यप्रकाश नीट पोहोचत नाही. उजेड नाही म्हणून वनस्पती नाहीत, वनस्पती नाहीत म्हणून किडे कमी. म्हणजे हंडा नुसता खोलच नाही, त्यात डाळही थोडीच. उलट घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्यात ऊन तळापर्यंत जातं आणि चिखलाचा प्रत्येक पसा जिवंत असतो.

आता परातीभोवती कोण कसं जेवतं ते पाहा. शेकाट्याचे गुलाबी पाय वीतभर लांब, म्हणून तो जरा आत उभा राहून जेवतो. तुतवार आखूड पायांचा, तो ओल्या काठाची हद्द सोडत नाही. पाणलाव्याची चोच लांब आणि तिचं टोक बोटाच्या पेरासारखं संवेदनशील. तो चिखलात चोच खुपसून न पाहताच आतली अळी ओळखतो. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी पसरट, कडेला कंगव्यासारखे दाते. पाणी आत घ्यायचं, बाहेर ढकलायचं, दात्यांत अडकेल ते गिळायचं. घरातली चाळणच. चमचा चोच उघडी ठेवून डावीकडून उजवीकडे पाणी कापत चालतो. चित्रबलाकही चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात बुडवतो, पायानं चिखल ढवळतो, आणि चोचीला मासा लागला रे लागला की ती मिटते. गढूळ पाण्यात त्याचं काही अडत नाही, कारण तो मुळी डोळ्यांनी मासे धरतच नाही.

तलवार बदकाची गंमत वेगळी. ते शेपूट आकाशाकडे करून पाण्यात उभं उलटं होतं. त्याची मान लांब, त्यामुळे फूटभर खोलीचा तळ ते गाठतं. त्याच्या पलीकडे एक इंच पाणी वाढलं तरी जेवण बंद.

म्हणजे पंगत एकच, पण प्रत्येकाचं ताट वेगवेगळ्या खोलीवर वाढलेलं. दोन-चार बोटांपासून हात-दीड हातापर्यंत वेगवेगळी खोली जिथे असेल तिथे जास्तीत जास्त जातींचे पक्षी दिसणार. आणि भाच्याच्या पहिल्या दिवसाच्या यादीत पाणकावळा आणि टिबुकली का होते, तेही आता कळेल. दोघेही बुडी मारणारे. हंड्यात हात घालता येणारे तेवढेच.

इंजिनिअरचं दुखणं, पक्ष्यांचं जेवण

गंगापूर धरण मातीचं, १९६५ मध्ये पूर्ण झालेलं, नाशिकची तहान भागवायला आणि शेतीला पाणी द्यायला बांधलेलं. अशा धरणात पाणी खोल असावं हाच उद्देश. नांदूर मध्यमेश्वरचं काम निराळं. तिथे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा घातला गेला. साठवण हा त्याचा मुख्य हेतू नव्हताच. नदीची पातळी थोडी उचलून पाणी दोन्ही बाजूंच्या कालव्यांत वळवायचं, एवढंच.

वाहती नदी माती सोबत नेते. वेग कमी झाला की हातातलं ओझं खाली ठेवते. बंधाऱ्यामागे शंभरेक वर्षं असा गाळ बसत गेला. जलसिंचनाच्या हिशेबात ही तूटच, कारण गाळाच्या जागेत पाणी मावत नाही. पण त्याच गाळाची बेटं झाली, त्यांवर पाणगवत आणि बाभळी उगवल्या, मध्ये उथळ डबकी राहिली आणि न ठरवता एक भलीमोठी परात तयार झाली. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, असं सांगतात. १९८६ मध्ये इथे अभयारण्य झालं आणि पुढे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जाणारी ही महाराष्ट्रातली पहिली जागा ठरली. ती बातमी जानेवारी २०२० मध्ये आली.

गोदावरी मात्र शहरातून नुसता गाळ नेत नाही, आपलं सांडपाणीही नेते. त्या खतावर पाणवेली फोफावते. जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी तिच्या पानांवरून खुशाल चालतात, पण बदकांना हवं असलेलं उघडं पाणी झाकलं जातं आणि खाली पुन्हा अंधार. ज्या वर्षी पाणवेलीचा गालिचा फार पसरलेला असतो, त्या वर्षी बदकं दूर जातात आणि पाहुणे मचाणावरून नाराज होऊन उतरतात. यात बदकांचा दोष नाही.

पेपरातली आवर्तनाची बातमी

पक्षी पाहायला निघण्याआधी मी हवामानाच्या आधी एक बातमी वाचतो: धरणांतला साठा आणि आवर्तन. आवर्तन म्हणजे पाळीनं सोडलेलं पाणी. नांदूरला गंगापूर, दारणा वगैरे वरच्या धरणांतून पाणी येतं आणि कालव्यांनी येवला, कोपरगाव, राहात्याकडे जातं. पाळी सुरू झाली की बंधाऱ्यामागची पातळी चढते. काल जिथे तुतवार पळत होते तो चिखल आज पाण्याखाली. पक्षी नाहीसे होत नाहीत, पण पांगतात, दूरच्या काठांवर जातात.

पाणी उतरायला लागलं की उलट होतं. आठवडाभर पाण्याखाली राहिलेला चिखल पहिल्यांदा उघडा पडतो आणि त्यातल्या अळ्या-किड्यांना अजून कुणी हात लावलेला नसतो. गरम भाकरी तव्यावरून ताटात पडावी तसे हे दोन-चार दिवस. तेव्हा रजा मिळाली तर घ्यावी.

हाच न्याय पावसाळ्याला लावून पाहा. पाऊस उशिरापर्यंत चांगला झाला की गावोगावची तळी, शेततळी, खदानी भरलेल्या असतात. पक्ष्यांना जेवायला हजार ठिकाणं, म्हणून ते नांदूरला कमी दिसतात. पाऊस ओढ देतो त्या वर्षी उरलेल्या पाण्यावर सगळे गोळा होतात. लोक म्हणतात, "यंदा पक्षी आलेच नाहीत." आलेले असतात, पंगती जास्त झालेल्या असतात.

गंगापूर धरणालाही मग मी न्याय दिला. मार्चमध्ये पातळी खाली गेल्यावर बॅकवॉटरच्या उतारावर ओला पट्टा उघडा पडला, तिथे टिटव्या, धोबी, शेकाटे आणि चक्रवाकांची एक जोडी होती. चूक धरणाची नव्हती. आम्ही हंड्याच्या खोल बाजूला उभे होतो.

तारीख कोण सांगतं?

पाणी कुठे हे कळलं, पण महिना कुठला? आपल्याकडे हिवाळ्यात येणारे बरेच पक्षी हिमालयापलीकडून, मध्य आशियातून, सैबेरियातून येतात. त्यांना निघायची वेळ प्रामुख्यानं दिवसाची लांबी सांगते. ऊन-पाऊस दर वर्षी वेगळा असतो, पण दिवस किती तासांचा हे दर वर्षी त्या तारखेला तेवढंच. दिवस आखूड होऊ लागला की शरीरात बदल घडतात, पक्षी अधाशासारखा खातो, चरबी साठवतो, रात्री अस्वस्थ होतो. ही झाली सामानाची बांधाबांध. प्रत्यक्ष पाऊल उचलायला मात्र अनेकदा थंडीचा धक्का लागतो.

म्हणून सगळे एका दिवशी येत नाहीत. भोरड्या सर्वांत आधी, ऑगस्टच्या सुमारासच दिसू लागतात. त्यांची वीण टोळ आणि नाकतोड्यांच्या हंगामावर बेतलेली. पिल्लं मोठी झाली, तो हंगाम सरला की तिथे थांबून काय करायचं? सप्टेंबरात धोबी येतो. बदकं आरामात येतात, कारण तिकडची तळी गोठेपर्यंत त्यांचं ताट भरलेलं असतं. नोव्हेंबरात ती जमू लागतात, डिसेंबर-जानेवारीत गर्दी शिगेला आणि मार्चपर्यंत पांगापांग.

नांदूरला अधूनमधून दिसणारा पट्टेरी हंस तर हिमालय ओलांडून येतो. विरळ हवेतही प्राणवायू घट्ट धरून ठेवणारं रक्त आणि मोठी फुप्फुसं हे त्याचं भांडवल. पाठीवर यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात त्याची कमाल उंची सुमारे ७,२९० मीटर भरली. पण खरी हुशारी दुसरीच दिसली: तो उगाच उंच उडत नाही. डोंगर चढला की चढतो, दरी आली की खाली येतो, आणि पुष्कळदा रात्री उडतो, कारण रात्रीची थंड हवा दाट असते आणि पंखांना जास्त आधार देते. आपल्या घाटातल्या एस. टी. ड्रायव्हरला हे पटेल.

रोजच्या वेळेचंही असंच. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा कधी पाच अंशांच्या खाली जातो. अशा पहाटे पाण्यावर धुकं इतकं असतं की सहा वाजता पोहोचून फक्त आवाज ऐकू येतात. ते आवाजही ऐकण्यासारखे असतात, पण भाच्याच्या यादीत ते चालले नाहीत. धुकं विरलं की पहिला तास-दोन तास सर्वांत चांगले. मचाणही असं निवडावं की सूर्य पाठीशी राहील. समोर सूर्य असला की सगळी बदकं काळी.

▣ नाशिकहून एका रविवारचा बेत
महिना: डिसेंबर किंवा जानेवारी, आवर्तन थांबून पाणी उतरत असलेला आठवडा.
सकाळ: नांदूर मध्यमेश्वर, सूर्य पाठीशी ठेवून.
कपडे: मातकट रंगाचे, आणि एक स्वेटर जास्तीचा.
दुपार: निफाडकडच्या शेताच्या कडेनं तारांवर वेडा राघू, नीलपंख, खाटीक.
गाडी: थांबवा, पण लगेच उतरू नका. पक्षी गाडीला घाबरत नाहीत, दार उघडून बाहेर येणाऱ्या माणसाला घाबरतात.

गिधाडं उशिरा उठतात

पहाटेचा नियम सगळीकडे लावला तर अंजनेरीला फसाल. त्र्यंबकच्या वाटेवरच्या या डोंगराच्या कड्यांवर भारतीय गिधाडं घरटी करतात. भारतातल्या गिधाडांची संख्या १९९० च्या दशकात अक्षरशः कोसळली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याला कारण. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात गेलं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. हरसूलकडच्या खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवण्याची जागाही केली गेली; तिला लोक गिधाडांचं रेस्टॉरंट म्हणतात.

गिधाड जड पक्षी. पंख मारत उडणं त्याला परवडत नाही. ऊन कड्यावर पडतं, खडक तापतो, त्याला लागलेली हवा तापून वर जाते आणि त्या उठत्या हवेच्या खांबात पंख पसरून गिधाड गोल गोल वर चढतं, फुकटच्या लिफ्टमधून जावं तसं. ही लिफ्ट सकाळी नऊ-दहाच्या आत सुरू होत नाही. तेव्हा अंजनेरीला जायचं तर पोहे खाऊन निवांत निघा. घरट्यांचा हंगाम हिवाळ्यातच असतो, त्यामुळे कड्याच्या जवळ जायचा मोह टाळा. लांबून दुर्बिणीनं पाहा.

जंगलातलं गणित आणखी तिसरं. रामशेजजवळच्या बोरगडावर, जे २००८ मध्ये संवर्धन राखीव झालं, अर्धा तास पानही हलत नाही आणि मग अचानक दहा मिनिटांत वीस पक्षी समोर येतात. छोटे कीटकभक्षी पक्षी अनेक जातींची मिळून टोळी करून हिंडतात. जास्त डोळे, म्हणून शिकरा लवकर दिसतो. एकाच्या हालचालीनं उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो. अशा जंगलात दहा किलोमीटर चालण्यापेक्षा एका फुललेल्या पळसाखाली किंवा पिकलेल्या उंबराखाली बसणं केव्हाही फायद्याचं. वयोमानाप्रमाणे हा सल्ला मला अधिकाधिक पटू लागला आहे.

दुर्बिणीवरचे आकडे

दुकानात प्रत्येकाला जास्त आकड्याची दुर्बीण हवी असते. ८×४२ यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ नं भागा, सव्वापाच येतात. एवढ्या मिलिमीटर रुंदीचा उजेडाचा झोत दुर्बिणीतून डोळ्यात येतो. पहाटेच्या अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते, म्हणजे झोत नेमका मावतो. खिशात मावणाऱ्या ८×२१ चा झोत जेमतेम अडीच मिलिमीटरचा. दुपारी ठीक, पहाटे काळोख. आणि दहापट किंवा बारापट म्हणजे हाताची थरथरही तेवढ्याच पटीनं. जत्रेत मिळणाऱ्या "वीसपट" दुर्बिणीतून पक्षी नव्हे, आपल्याच नाडीचे ठोके दिसतात.

परदेशाचं तिकीट

आता लांबचा बेत. मुलगी सिंगापूरला, भाऊ टोरंटोला, ही आमच्या कॉलनीतल्या बऱ्याच घरांची स्थिती. तिकडे जाताना बहुतेक जण जागांची नावं शोधतात. मी म्हणतो, आधी तिथलं ताट कधी वाढतात ते शोधा.

सिंगापूरच्या सुंगेई बुलो या पाणथळ राखीव जागेत सप्टेंबर ते मार्च स्थलांतरित पक्षी असतात, पण तिथे महिन्याइतकीच भरतीची वेळ महत्त्वाची. ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी त्यावर लांबवर विखुरतात. भरती आली की ताट पाण्याखाली जातं आणि सगळे आतल्या तळ्यांच्या काठी, तुमच्या समोर, विश्रांतीला येतात. ठाणे खाडीतले रोहित पाहणाऱ्यांना भरती-ओहोटीचं हे वेळापत्रक पाठ असतं. नांदूरचं आवर्तन महिन्यातून कधीतरी, खाडीचं रोज.

कॅनडात पॉइंट पेली हे ईरी सरोवरात घुसलेलं भूमीचं टोक. मे महिन्यात उत्तरेकडे जाणारे चिमुकले रंगीत पक्षी रात्रभर उडत सरोवर ओलांडतात आणि दमून पहाटे समोर दिसेल त्या पहिल्या जमिनीवर उतरतात. ती जमीन म्हणजे हे टोक. वाऱ्यानं विरोध केला असेल तर इतके दमलेले असतात की हाताच्या अंतरावर खात बसतात. तीन आठवडे उशिरा गेलात तर झाडी दाट, पक्षी विखुरलेले आणि बरेचसे पुढे गेलेले.

श्रीलंकेचा हिशेब आणखी वेगळा. बेट असल्यामुळे तीसहून अधिक जाती फक्त तिथल्याच, त्या कुठेही जात नाहीत. तेव्हा स्थलांतराच्या तारखांची चिंता कमी. पण बेटाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळे पावसाळे. सिंहराजाच्या जंगलात जळवा आणि पाऊस टाळायचा तर नैर्ऋत्येकडची कोरडी खिडकी, साधारण जानेवारी ते मार्च, गाठावी.

हे आठवड्याआठवड्याचं तपशीलवार पाहायचं तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जगातल्या कुठल्याही प्रदेशाचे तक्ते मिळतात. प्रत्येक महिन्याचे चार भाग, आणि पक्षी जितका नेहमी दिसतो तितकी पट्टी जाड. नाशिक जिल्ह्याचाही आहे. एक पाहून ठेवा, मग दुसरा वाचायला जमेल.

आमच्या शेजारच्या काकांना हे सगळं मी सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अहो, पण आमची तिकिटं काढून झाली. टोरंटो, ऑगस्ट."

ऑगस्टमध्ये पॉइंट पेलीचे ते दमलेले पक्षी नाहीत. पण उत्तर ध्रुवाकडे वीण उरकून परतणारे तुतवार आणि त्यांचे भाऊबंद जुलै-ऑगस्टमध्येच दक्षिणेकडे निघतात, आणि त्यांना काय लागतं हे आता माहीत होतं. ओंटारियोतले पक्षी पाहणारे त्या दिवसांत गावोगावच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या उथळ तळ्यांवर जातात. खतावलेलं पाणी, उघडा चिखल, किड्यांची रेलचेल.

"काका, मुलाला सांगा, जवळपास अशी तळी कुठे आहेत ते शोधून ठेव."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? आपण कॅनडाला गटार बघायला चाललोय."